मी बंद केलेले रेकॉर्डिंग

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी प्रथमच लिहायला बसणाऱ्याने वाचकांपुढे यावे हे धारिष्ट्यच आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागतो. जे घडले ते तोंडाने सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, एवढेच कारण माझ्याजवळ आहे.

लंडनमधल्या आमच्या स्टॅनमोर भागातली शाळकरी मुले, हिटलरच्या काळात लहानपणी निर्वासित म्हणून इथे आलेल्या ज्यू वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतात. सोबत एक मोठे माणूस असावे असा नियम असल्याने निवृत्तीनंतर मी जाऊ लागलो. प्रश्न मुलांनी विचारायचे, रेकॉर्डर मी सांभाळायचा. न बोलता करता येईल असे काम मिळाले म्हणून मला बरेच वाटले होते.

त्या दिवशी सोबत आमच्या शेजारची, इथेच जन्मलेली सतरा वर्षांची मराठी मुलगी होती. आजीबाई पंच्याण्णव वर्षांच्या. आठव्या वर्षी व्हिएन्नाहून एकट्या आलेल्या. मुलीने दबकत पहिला प्रश्न विचारला, तशा त्या म्हणाल्या, "मोठ्याने बोल, बाळ. मी बहिरी आहे, मेलेली नाही."

तासभर बोटीचा प्रवास, थंडगार शाळा आणि तिथला उकडलेला कोबी यांवर हसणे चालले. मग मुलीने त्यांच्या धाकट्या भावाविषयी विचारले.

"हे मी माझ्या मुलालाही सांगितलेले नाही. नातवाने ऐकावे म्हणून आज सांगते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

वडीलधारे माणूस रडू लागले की आमच्या घरी नजर वळवतात, पाणी आणतात. अश्रूंची नोंद होऊ देणे मला असभ्य वाटले. मी गुपचूप रेकॉर्डर बंद केला आणि पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो. परतलो तेव्हा त्या बोलत होत्या. रेकॉर्डरकडे पाहून, नातवाला नावाने हाक मारत. त्यावरचा दिवा विझल्याचे त्यांच्या क्षीण नजरेला दिसत नव्हते आणि मुलीचे लक्ष त्यांच्याच चेहऱ्यावर होते. पुन्हा सुरू करावा तर तो खणखणीत वाजतो, सगळ्यांना कळले असते. "थांबा" एवढाच शब्द उच्चारायचा होता. पेला हातात धरून मी वीस मिनिटे उभा राहिलो.

"सगळे आले ना त्यात?" शेवटी त्यांनी विचारले.

"हो," मी म्हणालो.

बसस्टॉपवर मुलगी हसली. "काका, त्यांच्यासाठी पाणी आणलंत आणि स्वतःच पिऊन टाकलंत!" मग डोळे पुसत म्हणाली, "रेकॉर्ड झालं ते बरं झालं. मला तर परत ऐकवणार नाही."

त्यातला शब्दन्शब्द मला आठवतो. तो इथे लिहीत नाही. तो माझा नव्हे, आणि नातवाला हवा आहे तो आजीचा आवाज. त्या दिवसानंतर त्यांची प्रकृती ढासळली आहे; आता त्यांना चार वाक्यांनंतर धाप लागते. उद्या मी खरे सांगायला जाणार आहे. पण सांगून झाल्यावर, ते सारे पुन्हा एकदा बोलण्याची विनंती मी त्यांना करावी का?