सुतकाची सवलत

दिवसातून वीसेक वेळा तरी समाधान बोरसेला 'परत मिळत नाही' हे सांगावं लागतं. सकाळी शटर वर करताना त्या वाक्यात थोडा तरी जीव असतो. संध्याकाळपर्यंत ते नुसतं तोंडातून गळतं, नळ नीट बंद न झाल्यासारखं.

दुकान तिकीट-बुकिंगचं, किलवणी नाक्यापासून जरा आत, झेरॉक्सवाल्याला लागून. एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर धुळे-अमळनेर-शहाद्याच्या स्लीपर गाड्यांच्या वेळा. सिल्वासात खानदेशातली माणसं काही कमी नाहीत. दिवाळी आली, लग्नसराई आली, की सगळ्यांना एकाच दिवशी गावाला जायचं असतं आणि प्रत्येकाला खालचाच स्लीपर हवा असतो. तीन वर्षांपूर्वी समाधानने त्याच भिंतीवर एका मोठ्या जहाजाचा फोटो लावला. मुंबई ते गोवा आणि परत, दोन रात्री, तीन दिवस. लोक हसले. मग कारखान्यांतले नाशिक-पुण्याचे इंजिनिअर आले, आणि मागोमाग हसलेलेही यायला लागले.

जहाजाचं बुकिंग म्हणजे बसचं तिकीट नव्हे. पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाईकाने डिपॉझिटसाठी दुकानात असा तमाशा केला, की झेरॉक्सवाल्याने मशीन बंद करून तो पाहिला. तेव्हापासून समाधानने एक रीत पाडली. अटींचा कागद तो स्वतः मोठ्याने वाचतो, आपल्या भाषेत, आणि मगच सही घेतो.

"भाव आत्ताचा आहे. घरी विचारून याल तर बदललेला असेल, मग मला बोलायचं नाही. भाव माणशी नाही, खोलीमागे. एकटे गेलात तरी दोघांचे पैसे. बंदराचा कर वेगळा. खोलीला खिडकी नाही, खिडकी पाहिजे तर वरचे पैसे. डिपॉझिट परत मिळत नाही. पाय मोडला तरी नाही, साहेबाने रजा नाकारली तरी नाही, बायको रुसली तरी नाही."

शेवटच्यावर लोक हसतात आणि सही करतात. समाधान स्वतः त्यावर हसायचा थांबला, त्याला दोन वर्षं झाली.

हा माणूस एकोणिसाव्या वर्षी इथे आला तो वाल्मिक पाटलाचं बोट धरून. वाल्मिकअण्णा शेजारच्या गावचा. भाऊकीतला नाही, पण भावापेक्षा काही कमी नाही. आमलीतल्या एका खोलीत सहाजण राहायचे आणि अंथरुणं तीनच. अण्णा रातपाळीहून आला की समाधान उठायचा, त्याच गरम गोधडीत अण्णा शिरायचा. धाग्याच्या कारखान्यात भरलेली बॉबीन उतरवायची, रिकामी चढवायची, हे काम अण्णानेच हात धरून शिकवलं. अकरा वर्षं समाधानने बॉबिनी उतरवल्या. खांदा गेला, डाव्या कानात कायमची शिट्टी बसली, तेव्हा अण्णाच म्हणाला, "सोड रे, दुकान टाक." आणि गाळ्याच्या मालकापुढे जामीनही तोच राहिला.

तो वाल्मिकअण्णा मागच्या माघात बायकोला घेऊन दुकानात आला. सहा महिन्यांनी रिटायर होणार होता.

चंदावहिनी भिंतीवरच्या फोटोजवळ जाऊन उभी राहिली. "समाधानभाऊ, तीस वर्षांत चारदा दमणला गेलो. चारी खेपा यांनी काठावर भजी खाऊ घातली आणि परत आणलं. मला समुद्र आतून पाहायचाय."

"बोट बुडाली म्हणजे?" अण्णा म्हणाला.

"तुमच्यासंगं तीस वर्षं बुडाले नाही, तिथे काय बुडते!"

समाधानने लॅपटॉप उघडला. दोन भाव होते. एक महाग, त्यात तारीख पुढे ढकलता येते. दुसरा तीन हजारांनी स्वस्त, त्यात काहीच हलवता येत नाही. इतर कोणाला त्याने दोन्ही सांगितले असते. पण हा आपला माणूस, याला जास्तीचे तीन हजार कशाला लावायचे? त्याने गुपचूप स्वस्तातलं दाबलं. मग सवयीने अटींचा कागद उचलला.

अण्णाने त्याच्याकडे पाहिलं. "माले वाची दाखाडशी का रे तू?"

हसतच म्हणाला तो, पण समाधानचे कान तापले. आपल्या माणसाला अटी वाचून दाखवणं म्हणजे पानावर बसवून भाकरीचा भाव सांगणं. त्याने कागद तसाच खाली ठेवला. अण्णाने बारा हजार डिपॉझिट दिलं. बाकीचे निघायच्या पाच दिवस आधी भरायचे होते. वहिनीने जाताना फोटोला हात लावला, देवळातल्या पायरीला लावावा तसा.

निघायला आठ दिवस असताना सकाळी सकाळी अण्णाचा फोन आला.

"चिंधा आप्पा गयात रे."

चिंधा आप्पा म्हणजे अण्णाच्या वडिलांचे चुलत भाऊ. नव्वदी उलटलेले. कोणी छाती बडवावी असं त्यात काही नव्हतं. पण भाऊकी ती भाऊकी. सुतक पडलं. आता गावाला जायचं, दहाव्याला डोकं भादरायचं, गंधमुक्ती होऊन सुतक फिटेपर्यंत तिथेच राहायचं. सुतकात कोण जहाजावर चढणार?

"तारीख पुढे ढकली दे," अण्णा म्हणाला. "नाहीतर पैसे घेई ले परत. घाई नाही." आणि फोन ठेवला. बसची सीट बदलून घ्यावी इतक्या सहज बोलला.

समाधानने जहाजाच्या कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगी बोलली, फार गोड.

"सर, डिसीज्ड के साथ पॅसेंजर का रिलेशन?"

"पिताजी के चचेरे भाई."

"सर, वो इमिजिएट फॅमिली में नहीं आते. पती-पत्नी, माता-पिता, बच्चे, बस."

"मॅडम, लेकिन सुतक लगा है ना."

"सर, वो क्या होता है?"

समाधानने सांगितलं. भाऊकी सांगितली, दहावा सांगितला. सगळं ऐकून मुलीने विचारलं, "सर, इसका कोई सर्टिफिकेट मिलेगा?"

त्याने तीन दिवसांत सहा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवा आवाज, आणि प्रत्येक वेळी चिंधा आप्पांना पुन्हा पहिल्यापासून मारावं लागलं. सहाव्या वेळी एक पोरगा म्हणाला, "सर, फ्लेक्सी वाला लिया होता तो डेट चेंज हो जाता. सिर्फ तीन हजार का फरक था." समाधानने फोन उलटा ठेवला.

दोन्ही चुका त्याच्याच होत्या, आणि दोन्ही मायेपोटी केलेल्या. हे अण्णाला कोणत्या तोंडाने सांगायचं? अण्णा बोलणार नाही काही. नुसतं 'बरं' म्हणेल. आणि मग हळूहळू यायचा कमी होईल. समाधानला त्याची भीती होती. आईबाप गेल्यावर या गावात त्याला 'अरे' म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

इन्व्हर्टरसाठी बाजूला ठेवलेले बारा हजार त्याने अण्णाच्या खात्यावर टाकले आणि फोनवर सांगितलं, "कंपनीने दिले अण्णा. सुतकाचं सांगितलं, तर दिले."

"पाहा," अण्णा तिकडून म्हणाला. "माणसं चांगली शेतस. आहेत अजून अशी."

समाधानची बायको रोहिणी समोर बसून डबा भरत होती. "कोणती कंपनी म्हणे? आपलीच का?"

त्याने फोन चार्जिंगला लावला. तिने पोळ्या मोजून डब्यात टाकल्या आणि झाकण जरा जोरातच लावलं.

प्रकरण तिथे संपलं असतं. पण वाल्मिकअण्णाच्या पोटात चांगली गोष्ट कधी राहिलेली नाही. तो गावाहून परतला आणि कारखान्यात सांगत सुटला. कॅन्टीनमध्ये सांगितलं, गेटवर सांगितलं, रांध्याहून येणाऱ्या शेअर रिक्षात सांगितलं. मग दुकानात माणसं यायला लागली. "आम्हाला बी सुतकवालं द्या." समाधान कागद वाचायचा आणि ते मधेच हसायचे, "लिहायला असतं हो ते. अण्णाले तर दिले." दोघांनी तसंच, स्वस्तातलं, बुकिंग करून टाकलं. समाधानला वाटायचं, आपण वाचतोय की भिंत वाचतेय.

एका रविवारी अण्णा स्वतःच एकाला घेऊन आला. भादरलेल्या डोक्यावर नुकतं खुंट उगवलेलं, वर पांढरी टोपी. सोबतचा रमाकांत, मेंटेनन्सचा, नाशिककडचा.

"याचं करी दे. आपल्यासारखंच."

समाधानने कागद उचलला.

"ते राहू द्या हो," रमाकांत म्हणाला. "अण्णांनी सगळं सांगितलंय. मला एवढंच पक्कं करायचंय. माझी काकू आहे घरी, ब्याऐंशीची. तिनेच वाढवलं मला. गेले दोन महिने अंथरुणावर आहे. उद्या तिचं काही झालं, तर पैसे परत देतात ना?"

समाधानने एकदा अण्णाकडे पाहिलं. अण्णा मान डोलावत होता, सांग त्याला, सांग.

"नाही देत," समाधान म्हणाला.

"काय नाही देत?" अण्णा म्हणाला. "माले भेटले ना."

समाधानने कागद अण्णापुढे सरकवला आणि कोण वारलं तर पैसे परत मिळतात ती ओळ बोट ठेवून वाचली. पती-पत्नी, आईबाप, मुलं. काका-काकू नाहीत. चुलत तर नाहीतच. वाचून झाल्यावर बोट तिथेच राहिलं.

"मग ते बारा हजार?"

"दुकानातले होते. तीन हजार जास्तीचं घेतलं असतं, तर तारीख हलली असती. ते मी सांगितलंच नाही."

रमाकांत उठून भिंतीवरच्या गाड्यांच्या वेळा वाचायला लागला. त्याला शहाद्याला काही काम नव्हतं.

अण्णाने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. "पंधरा दिवस सांगत फिरलो रे मी. आख्ख्या पाळीला सांगितलं. लोकांपुढे खोटा पाडलास ना माले."

"चुकलं, अण्णा."

"बारा हजारासाठी मी तुले सोडीन, असं वाटलं का तुले?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण समाधान इतका थकला होता, की आणखी एक खोटं उचलायची ताकद त्याच्यात नव्हती.

"हो, वाटलं."

अण्णाने टोपी परत डोक्यावर घातली. शेजारी झेरॉक्सचं मशीन चालत होतं. मग तो रमाकांतकडे वळला. "तू महागडं घे. तारीख हलवता येते ते. आणि सगळं ऐकून मग सही कर." समाधानला म्हणाला, "महिन्याला दोन हजार देईन. घ्यायचे. नाही म्हणायचं नाही."

"बरं."

"आणि उद्या तीनला गेटवर ये. मी एकटा नाही सांगणार सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी तीनला, पाळी सुटताना, समाधान गेटवर जाऊन उभा राहिला. नोकरी सोडल्यापासून इकडे फिरकला नव्हता. आतला घरघराट भिंतीबाहेर येत होता आणि डाव्या कानातली शिट्टी त्यात मिसळून गेली होती. जाणारे आणि येणारे मिळून साठेक माणसं जमली. त्याने जे होतं ते सांगितलं. सुतकाची सवलत बिवलत काही नाही. ते पैसे आपले होते. ज्या दोघांनी त्या भरवशावर बुकिंग केलंय, त्यांनी दुकानात यावं, काही होतं का पाहू, पण आशा धरू नये.

"म्हणजे अण्णाले बी टोपी घातली का?" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

"टोपी नाही घातली," अण्णा म्हणाला. "लाजला तो. तुम्ही लाजू नका, कागद वाचून घ्या."

त्या दोघांपैकी एकाने जाताना शिवी दिली. दुसऱ्याने उद्या दुकान किती वाजता उघडतं ते विचारलं, ते जास्त लागलं. गर्दी रिक्षांकडे पांगली. घरी जाऊन पडावं, एवढंच समाधानच्या मनात होतं. त्याने चपला झटकल्या.

"कुठे निघाला?" अण्णा म्हणाला. "रातपाळीवाले राहिले ना. उद्या सकाळी सातला ये. मी असेन."