वरखावरचा ओरखडा

त्याने मला फसवलं, असं मी वीस वर्षं सांगत आलो आहे. घरी गढा मोहल्ल्यात सांगितलं, कॉलेजात सांगितलं, लग्न झाल्यावर बायकोलाही सांगितलं. त्यात खोटं काही नाही. फक्त मी गोष्ट जिथे थांबवायचो, तिथे ती संपत नव्हती.

आम्ही दोघं जबलपूरच्या एकाच कॉलेजात बी.एस्सी. झालो. त्या वर्षी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची एकच जागा निघाली. ती मिळाली तर शहरात राहणं आणि हाती उपकरणं. नाही तर कुठल्या तरी तहसिलीच्या गावात मास्तरकी. आमचं ठरलं होतं, की अर्ज कोणीच करायचा नाही. प्रयोगशाळेच्या सरांनी सांगितलेला प्रयोग दोघांनी मिळून दाखवायचा आणि सर ज्याला बोलावतील त्याने जायचं.

प्रयोग नाजूक होता. धातूच्या पातळ पट्टीतून वीज लांबीच्या दिशेने सोडायची आणि पट्टी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये उभी करायची. विजेचे कण मग नीट समोर जात नाहीत, एका कडेला ढकलले जातात. दोन कडांमध्ये त्यामुळे किंचित फरक पडतो, तो बारीकशी वीज दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरने पकडायचा. सर म्हणायचे, डोक्यावरचा पंखा फिरतो तो याच धक्क्याने आणि गॅल्व्हानोमीटरचा आरसा वळतो तोही याच धक्क्याने. शिवाय कडांमधला फरक मोजला की चुंबकाचा जोर काढता येतो. नवीन आलेल्या विद्युतचुंबकाचा जोर त्यांना तसाच काढायचा होता.

पट्टी जितकी पातळ तितकं बरं. सोन्याचा वरख घ्यावा हे मला सुचलं. कमानिया गेटच्या मागे वरख कुटणारे बसत, त्यांच्याकडून मीच आणला. तो काचेवर चिकटवायचा हात मात्र त्याचा. श्वास रोखून बसायचा. एकदा मी शिंकलो तर म्हणाला, "तू बाहेर जाऊन शिंक ना भैया, सोनं उडून राहिलं."

दोन्ही कडांना लावलेल्या तारा अगदी समोरासमोर असाव्या लागतात. केसभर चुकलं तरी चुंबक बंद असतानाच आरशाचा मोजपट्टीवर पडलेला कवडसा सरकतो. म्हणून तो वरखाची कड ब्लेडने जरा जरा खरवडायचा आणि कवडसा शून्यावर आणायचा. पाच दिवस गेले त्यात. कवडसा शून्यावर थांबला त्या संध्याकाळी त्याने मला जिलबी खिलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला त्यांच्या टेबलावरून हजेरीचं रजिस्टर आणायला पाठवलं. रजिस्टराखाली त्याचा अर्ज होता. त्यात लिहिलं होतं, "सोन्याच्या वरखाचा प्रयोग मी एकट्याने उभा केला."

ती ओळ मी तीनदा वाचली. जिलबी खिलवली तेव्हा हा अर्ज देऊन झाला होता, हे तारखेवरून कळलं.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगत असे.

पुढचं असं. प्रयोग दुपारी होता. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी ब्लेड घेतलं आणि एका तारेजवळ वरखाची कड खरवडली, नखाच्या टोकाएवढी. मग हात धुतले.

दुपारी पडदे ओढून अंधार केला. त्याने पट्टीत वीज सोडली आणि कवडसा शून्यावरून सरकून मोजपट्टीवर दूर जाऊन थांबला. सर म्हणाले, "चुंबक तो अभी बंद है. अब क्या करोगे?"

तो तारा तपासू लागला. कालचा शून्य त्याने डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे दुसरं काही त्याला सुचेचना. सर माझ्याकडे वळले.

उत्तर मला ठाऊक होतं. चुंबकातला प्रवाह एकदा सुलट, एकदा उलट करायचा. आपली चूक दोन्ही वेळा तीच राहते, चुंबकाने दिलेला धक्का मात्र बाजू बदलतो. दोन आकड्यांतला फरक निम्मा केला की खरा आकडा हाती येतो. मी तसं सांगितलं आणि करून दाखवलं. कवडसा हलला. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ती जागा मला तिथेच मिळाली, माझ्याच हाताने केलेली खोट दुरुस्त करून.

पडदे उघडले. सर खिडकीपाशी वहीत आकडे उतरवत होते. तो भिंग घेऊन पट्टीवर वाकला. बराच वेळ वाकून होता. मग हळूच म्हणाला, "काल इथं सोनं होतं."

"वरख आहे," मी म्हणालो. "उडतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा अर्ज मी पाहिलाय हे त्याला तेव्हा कळलं असावं. तरी काहून केलं असं त्याने विचारलं नाही. मीही त्याला विचारलं नाही.

"अच्छा," एवढंच तो म्हणाला.

तो कुंडम या तहसिलीच्या गावात मास्तर झाला, अजून तिथेच आहे. मी अजून प्रयोगशाळेत तीच पट्टी मुलांना दाखवतो. चुंबक बंद असताना कवडसा काहून सरकतो असं कोणी विचारलं, की पट्टी जुनी आहे म्हणतो.

त्याच्या अर्जातली ती ओळ मला आजही टोचते, हे लपवत नाही. पण त्या दुपारी सर चार पावलांवर उभे होते. त्यांना सांगायला एक शब्द पुरला असता. त्याने तो उच्चारला नाही, भिंग पुसलं, कापडाची घडी घातली आणि आता माझ्या झालेल्या टेबलावर ठेवली.