नऊ नंबरच्या प्लॉटवरची खुर्ची

लिओना पेल्की यांच्याबद्दल मला फार कमी माहिती आहे, हे आधीच सांगतो. एकाच गावात आम्ही सत्तर वर्षं काढली, पण त्यांच्या घरात मी एकदाही पाऊल टाकलं नाही. नवरा कशाने गेला, मुलगी कुठे असते, हेही मला धड ठाऊक नव्हतं. त्यांच्यावर लिहायला दुसरं कोणी हवं होतं. पण त्या दिवशी वही माझ्या हातात होती, म्हणून मीच लिहितो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात, आमच्या गावात त्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मागची पोरं दाखवणाऱ्या, त्यांच्या डोक्यावरच्या आरशाला घाबरूनच अर्धं गाव मोठं झालं. नियोजन समितीचा अध्यक्ष ड्यूई हॅच त्यातलाच. मी त्या समितीचा चिटणीस. कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहायचं आणि स्वतः गप्प बसायचं. ते मला जमायचं.

लिओनांच्या घरामागे चढावर जुनं कुरण आहे आणि कुरणाच्या पोटात पाणथळ. बाहेरच्या एका कंपनीने ते घेऊन चौदा प्लॉट पाडायचं ठरवलं. चौदा घरं, चौदा सेप्टिक टँक, आणि उताराच्या तळाशी लिओनांची विहीर. त्या तिचंच पाणी पीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की नकाशात जिथे कोरडी जमीन दाखवली आहे, तिथे एप्रिलमध्ये बेडूक अंडी घालतात. कंपनीचा माणूस मोजणीला आला होता ऑगस्टमध्ये, सगळं आटल्यावर.

परवानगीसाठी समितीपुढे झालेल्या पहिल्या सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं होती. लिओनांनी आपलं सांगितलं आणि उरलेल्या वेळात म्हणाल्या, "ड्यूई, तिसरीत असताना तू माझ्या बसमध्ये ओकलास आणि म्हणालास, मी नाही. आज तोच चेहरा करून बसलायस."

लोक हसले. ड्यूईही हसला. कंपनीच्या इंजिनिअरने अदबीने विचारलं, की बाईंकडे काही कागद आहे का. कागद नव्हता.

लहानपणी त्याच कुरणात मी गुडघ्यापर्यंत रुतलो होतो. मी ते बोललो नाही. चिटणीसाने बोलायचं नसतं, असं स्वतःला सांगितलं.

ऑक्टोबरात जागेवर पाहणी ठरली. पाहणीचा नियम असा, की गावकऱ्यांनी सोबत चालावं, पण तोंड उघडू नये. काय सांगायचं ते सुनावणीत. ड्यूईने हा नियम लिओनांकडे बघून दोनदा वाचला. त्यांनी मान हलवली. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची होती. गुडघे दुखतात म्हणून आणली असेल, असं आम्हाला वाटलं.

नऊ नंबरच्या प्लॉटवर गुलाबी फिती बांधलेल्या चार खुंट्या होत्या. त्यांच्या मधोमध, जिथे घराचा पाया येणार होता, तिथे लिओनांनी खुर्ची ठेवली आणि बसल्या. अंगाने त्या चांगल्या भरलेल्या. गवत वरून कोरडं होतं. इंजिनिअर नकाशा उघडून बोलू लागला. निचरा उत्तम, जमीन घट्ट. तो बोलत होता आणि खुर्ची खाली चालली होती. आधी मागचे पाय, मग पुढचे. आडव्या दांड्या गवतात दिसेनाशा झाल्या. लिओना हात मांडीवर ठेवून सरळ समोर बघत होत्या, सिग्नलला थांबल्यासारख्या. बुटांभोवती तपकिरी पाणी जमलं. इंजिनिअरचा आवाज बारीक होत गेला.

शेवटी ड्यूईने विचारलं, "लिओना, ठीक आहात ना?"

"मला बोलायला मनाई आहे," त्या म्हणाल्या.

दोघांनी हात देऊन त्यांना उठवलं. खुर्ची तशीच राहिली.

परतताना ड्यूई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, की ते खुर्चीचं लिहू नकोस, ती काही साक्ष नव्हे. अशा वेळी मी आयुष्यभर "बरं" म्हणत आलो. त्या दिवशी मागे गेलो, खुर्ची उपसली आणि तिच्या पायांवरची चिखलाची रेघ पट्टीने मोजली. वहीत लिहिलं: "प्लॉट नऊ. खुर्ची, बसलेली व्यक्ती एक. वीस मिनिटांत अकरा इंच खाली गेली. भोकांत पाणी." अक्षर वाईट आलं.

पुढच्या सभेत मी ते वाचलं. कंपनीच्या वकिलाने ती ओळ काढायला सांगितली. मागून लिओना उठल्या.

"काढा की," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही बसून दाखवा. खुर्ची मी पुरवते."

ड्यूईने बराच वेळ कपाळ चोळलं आणि ओळ राहू दिली. एप्रिलमध्ये पुन्हा पाहणी झाल्याशिवाय परवानगी नाही, असं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं.

एप्रिलमध्ये बेडकांचा कलकलाट, बदकांसारखा, रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. कंपनीने विहिरीच्या बाजूचे सहा प्लॉट रद्द केले. उरलेले आठ मंजूर झाले. गावाने लिओनांचं अभिनंदन केलं, ते त्यांनी घेतलं नाही. आठ तरी कशाला, हे त्या पुढच्या प्रत्येक सभेत आपली तीन मिनिटं वापरून विचारत राहिल्या.

खुर्ची मी धुऊन त्यांच्या पायरीवर ठेवली होती. दार वाजवलं नाही.

त्या गेल्या त्याच्या आदल्या शनिवारी कचरा डेपोवर भेटल्या; आमच्याकडे सगळे आपापला कचरा तिथे नेऊन टाकतात. बाटल्या वेगळ्या करत होत्या.

"सभा मंगळवारी ना रे?"

"बुधवारी. मंगळवारी हॉलला रंग देतायत."

"मग पुढची जागा धर माझ्यासाठी. मागे ऐकू येत नाही."

"धरतो," मी म्हणालो.