आडव्या ठेवलेल्या बाटल्या

दाऊदचाचा गेल्याचं मला भोरच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. पुण्यात मी शाळेत शिकवायला निघाले होते. त्यानं हाक मारून वडिलांनी पाठवलेली आंबेमोहोराची पिशवी हातात दिली आणि दार लावता लावता म्हणाला, "तुमचे बाटलीवाले चाचा गेले हो. परवा, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. वर्गात जाऊन मुलींना स्पेलिंगं घातली... त्याला आता सहा आठवडे झाले.

बाटलीवाले हे नाव गावानं चेष्टेनं पाडलेलं. चाचांनी स्वतः दारूचा थेंब कधी जिभेवर घेतला नाही. धरणावरच्या इंजिनिअर साहेबाचे ते बटलर. धरण पुरं होऊन साहेब विलायतेला परतला तेव्हा त्यानं बारा बाटल्या चाचांच्या स्वाधीन केल्या. फ्रान्सातली तांबडी वाइन, बहुतेक मर्लो नावाच्या काळ्या द्राक्षाची. चाचा 'मेरलू' म्हणत, दारातल्या गाईचं नाव घ्यावं तसं. साहेबानं बजावलं होतं की ही अजून कोवळी आहे, थंड अंधारात आडवी ठेव, म्हणजे बूच ओलं राहील. दर वर्षी मे महिन्यात एक उघड आणि कशी झाली ते कळव. तयार झाली की मी धरण बघायला येईन, आणि उरलेली तू आपल्या हातानं वाढ.

चाचांच्या घराखाली दगडी तळघर होतं. तिथे भाताच्या तुसात बाटल्या निजवलेल्या असत. चव बघायला आधी धरणावरचा एक ओव्हरसियर येई. त्याची बदली झाली आणि चाचा माझ्या वडिलांच्या दवाखान्यात आले. मी सुट्टीला घरी होते, सोळा वर्षांची.

"ताई, तुमी मडमांच्या शाळेत जाता. साहेबाला विंग्रजीत कागद लिवायचाय. आन् चवबी तुमीच बगा. तो ओव्हरशेर दरसाल नुसतं 'फस्क्लास' म्हणायचा. म्या साहेबाला दरसाल फस्क्लासच कळवू व्हय?"

वडील हसले आणि जा म्हणाले. आईला आम्ही फक्त पत्राचं सांगितलं. बाकीचं ती आता इथेच वाचेल.

तळघराच्या पायरीवर चाची बसत, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. चाचा मेणबत्ती लावून बाटलीच्या मानेमागे धरत आणि तळाचा गाळ मानेशी येईपर्यंत सावकाश ओतत. मग पेला माझ्याकडे. "गिळायची न्हाई. जिभंवर घोळवा, नाकानं दम घ्या, मग चूळ टाका." पहिल्या वेळी माझं सगळं तोंड आखडलं. "तुरट," मी म्हणाले.

"कशावानी तुरट? जांभळावानी का हिरड्यावानी?"

वर्गात मी बोटही वर करत नसे. इंग्रजी येत होतं तरी विचारल्याशिवाय बोलणं मला जमत नव्हतं. इथे एक म्हातारा माणूस माझ्या शब्दासाठी मेणबत्ती धरून थांबला होता. मी पुन्हा घोट घेतला. "हिरडा," मी सांगितलं, "आणि मागून थोडं करवंद." चाचांनी मान हलवली, जणू त्यांना नाकानं हे आधीच कळलं होतं. उरलेली वाइन ते परसातल्या लिंबाच्या आळ्यात ओतत. "झिंगलंय ते लिंबू," चाची म्हणत, "फळ धरायचं इसरलंय."

पत्र लिहून झालं की चाचा म्हणत, "आता वाचून दावा. जे बोललो त्येच लिवलंय ना?" मी इंग्रजी वाक्य वाची आणि त्याचं मराठी सांगे. हिरड्याला इंग्रजीत काय म्हणावं यात आमची एक सबंध दुपार गेली होती. पुढच्या वर्षांत तो हिरडा मऊ होत गेला. जांभूळ आलं, मग पिकलेलं करवंद, नव्या चपलेच्या कातड्याचा वास. चाचा म्हणाले, "लई वाट बगितली की असं मऊ व्हतंय समदं." पायरीवरून चाची म्हणाल्या, "तुमी काय मऊ झाला न्हाई."

साहेबाची उत्तरं येत. एकदा त्यानं लिहिलं होतं, अजून दोन-तीन वर्षं, मग मी येतो.

त्या पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं. बाटल्या वर काढताना चाचा पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यांना कामथडीला लेकीकडे नेलं आणि उरलेल्या चार बाटल्या आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आल्या. तूस भिजून गेलं होतं. आईनं बाटल्या पुसून कपाटात औषधांच्या रांगेत उभ्या केल्या. "औषधाची बाटली कुणी आडवी ठेवतं का? गळली तर सगळ्या खोलीला वास."

मला माहीत होतं. दाराशी उभी राहून मी बघत होते. दोन शब्द बोलायचे होते, पण बोलले असते तर मला एवढं कसं ठाऊक, हे आईनं विचारलं असतं... मी गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला वसतिगृहात परतले.

मे महिन्यात चाचा काठी टेकत आले. त्यांनी कपाट उघडलं. मग एकेक बाटली उचलून छातीशी आडवी धरून घरी नेली. त्या वर्षीच्या बाटलीचं बूच वाळलं होतं, उघडताना त्याचा भुगा झाला. मी पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"शिरका," मी म्हणाले, "आंबून गेलीय."

"व्हय. वास आला मला," चाचा म्हणाले. "लिवा. साहेब, माझ्या हातनं चूक झाली. ठेवायची रीत म्या चुकलो."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. जे बोलले तेच लिहिलं होतं. तेव्हाही मी गप्पच राहिले.

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. युरोपात लढाई सुरू झाली होती, टपालाच्या बोटी बुडत होत्या, हे मी चाचांना कितीदा सांगितलं. "न्हाई ताई," ते म्हणत, "साहेब रुसला." पुढच्या वर्षीचीही शिरकाच निघाली. उरलेल्या दोन त्यांनी तशाच तुसात निजवून ठेवल्या आणि उघडणंच सोडलं.

लढाई संपली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. तीच आमची शेवटची भेट. हात कापत होता म्हणून मेणबत्ती चाचींनी धरली. बूच अखंड निघालं. मी घोट घेतला, घोळवला... करवंद होतं, वाळलेल्या अंजिरासारखं काही होतं, आणि तुरटपणा अगदी शेवटी, जांभूळ खाऊन झाल्यावर राहतो तेवढाच. मी चूळ टाकायची विसरले. चाचांनी ते पाहिलं.

"जित्ती हाय?"

"आहे, चाचा. तयार आहे."

"मग कळवा साहेबाला. आता तरी राग सोड म्हणावं." त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण ते इतके खुश होते... असं मी स्वतःला समजावलं. त्याही पत्राचं उत्तर आलं नाही.

मागच्या रविवारी भोरला जाऊन आले. चाचींनी शेवटची बाटली तुसासकट खोक्यात घालून दिली. बाटल्या उभ्या कुणी ठेवल्या आणि कुणी राहू दिल्या, ते मी त्यांना सांगितलं. त्या जराशा हसल्या. "त्यास्नी ठावं हुतं. म्हणायचे, पोरगी बोलंल कवातरी. घाई करू नगंस."

आता ते खोकं माझ्या खोलीत खाटेखाली आहे. बाटली आडवी, बूड भिंतीकडे, ते ठेवत तशी. परवा त्याच जुन्या पत्त्यावर मी साहेबाला पत्र लिहिलं. साहेब आहे की नाही, माहीत नाही. दाऊद गेला, तुमची एक बाटली शिल्लक आहे, चूक त्याची नव्हती, माझी होती, एवढंच. लिहून झाल्यावर सवयीनं ते मोठ्यानं वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. खोलीत कुणी नव्हतं. जे घडलं तेच लिहिलं होतं.