ट्रेनिंगच्या मुलाखतीची दुसरी खेप

पहिल्या खेपेला मला ट्रेनिंग कॉलेजात घेतलं नाही ते एका शब्दामुळे, असं माझ्या मामांचं ठाम मत होतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं होतं, तुमचं गाव मिठबाव म्हणजे कुठे आलं? आणि मी हात दक्षिणेकडे करून म्हणाले होते, "थंय, देवगडाच्या खाली."

साहेबांनी आणखीही एक प्रश्न विचारला होता. तुमचं लग्न ठरलंय का? तुम्हा मुलींना सरकारने शिकवून तयार करायचं आणि तुम्ही नवऱ्याबरोबर मुंबईला निघून जायचं, मग शाळेत शिकवायचं कोणी? त्यावर मी मान खाली घातली आणि साडीच्या काठाकडे बघत बसले. हेही मी घरी येऊन सांगितलं होतं. पण मामांनी ते हातानेच उडवून लावलं. असले प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, म्हणाले. तुझा घात झाला तो 'तिथे'च्या जागी 'थंय' म्हणालीस त्यामुळे.

ही गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. आमचा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा. मी सातवीची फायनल पास होऊन घरी बसले होते. प्राथमिक शाळेत कायमची नोकरी हवी तर ट्रेनिंग हवं, आणि ट्रेनिंग हवं तर आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. बाबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. मंगळूरची कौलं भरून ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचे, ते पावसाच्या तोंडावरच घरी यायचे. घरात आई, मी, माझ्याहून पाच वर्षांनी लहान बहीण आणि त्याहून लहान भाऊ.

मामा कणकवलीजवळच्या एका गावी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. शिमगा झाला आणि ते ट्रंक घेऊन आमच्याकडे आले. मामी आली नाही. ती का आली नाही आणि त्या वर्षी तिची तब्येत इतकी का सुधारली, हे मला पुढच्या दोन महिन्यांत नीट कळलं.

मामांचा पहिला नियम असा की माझ्याशी घरात कोणी मालवणी बोलायचं नाही. मीही बोलायचं नाही. त्यांना वाटत होतं की जीभ हा एक वाकडा गेलेला वेल आहे, काठी लावली की सरळ होईल. सकाळी उठले की पहिलं वाक्य शुद्ध. विहिरीवर गेले तरी शुद्ध. शेजारची काकू "खंय गेललंस गो?" म्हणाली की मी "मी शौचास गेले होते" असं उत्तर द्यायचं, आणि काकूने दोन क्षण माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचा.

अभ्यासही होताच. मामा ओटीवर फेऱ्या मारत शुद्धलेखन घालायचे. 'आशीर्वाद', 'शारीरिक', 'उज्ज्वल', 'पुनरावृत्ती'. ऱ्हस्वदीर्घ चुकलं की तो शब्द पाटीवर भरेपर्यंत लिहायचा. तोंडी हिशेब भात वाढता वाढता. नकाशे भिंतीवर कोळशाने. वर्तमानपत्र मुंबईहून बोटीने शिळं होऊन यायचं, तेही देवगडच्या एका दुकानदाराचं वाचून झाल्यावर. मामा ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे आणि मग मुलाखतीतल्या साहेबांसारखे खुर्चीत रेलून प्रश्न विचारायचे. मी बरोबर उत्तर दिलं तरी म्हणायचे, "आवाज घशातून येतोय. छातीतून काढ."

त्या काळात शाळांतून सूतकताईचा जोर होता. मुलाखतीत टकळी हातात देतात, अशी मामांची पक्की बातमी. म्हणून रोज उन्हं कलल्यावर टकळी. आमच्या गावात कापसाचं एक झाड नाही. पेळू मामांनी कुठूनतरी मागवलेले, दमट हवेने चिकट झालेले. धागा दर दोन हातांवर तुटायचा. भाऊ समोर बसून तुटलेले धागे मोजायचा आणि मामा त्याला हाकलायचे, तेही शुद्ध मराठीत.

हे सगळं मी सहन केलं असतं. मला ट्रेनिंगला जायचंच होतं. पण आईचं जे झालं ते मला सोसेना.

आई शाळेत गेलेली नव्हती. मामांचा नियम तिने पहिल्या दिवशी मनापासून पाळायला घेतला. मला म्हणाली, "तू आता जेवणार आहेस का?" आणि बहीण खो खो हसली. आई लाजली. संध्याकाळी परत एकदा तिने प्रयत्न केला, मधेच अडकली, आणि 'बांगडे' हा शब्द शुद्ध मराठीत वेगळा असतो की काय या विचाराने गप्प राहिली. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. रागाने नव्हे. चुकीचं बोलून आपण लेकीचं नुकसान करू, या भीतीने. मला काही सांगायचं असलं तर ती बहिणीला सांगायची आणि बहीण मला. न्हाणीत पाणी तापलंय, हेही मला बहिणीकडून कळायचं. मी आईला म्हटलं की तू बोल, मामांकडे लक्ष देऊ नको. तर तिने ओठांवर बोट ठेवून ओटीकडे खूण केली.

असे बरेच दिवस गेल्यावर एकदा मी तापाने पडले. आई उशाशी बसून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मला रडू आलं. मामा दारात येऊन म्हणाले, "काय होतंय ते नीट वाक्यात सांग." तेव्हा आई उठली. ती मोठ्या भावासमोर कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"दादा, माज्या चेडवाक मास्तरीण कर, माका बरांच वाटतला," ती म्हणाली. "पण तिका माज्यापासून तोडू नको. मी तिच्याशी बोलतलंय."

मामा परत ओटीवर गेले. आईपुरता नियम सुटला. बाकी सगळं जसंच्या तसं चालू राहिलं.

परीक्षा आणि मुलाखत दोन्ही रत्नागिरीला, मे महिन्यात. मामा बरोबर येणार हे ठरलेलंच होतं. बैलगाडीने देवगड, तिथून बोट. बोट खोल पाण्यात उभी राहायची, होडीने तिच्यापर्यंत जायचं. मामा आयुष्यभर घाटाच्या पायथ्याशी राहिलेले. होडीत बसल्याबरोबर त्यांनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. बोटीवर चढल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली आणि जिल्ह्यातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणायला सांगितल्या. मी तिसऱ्या नदीवर होते तेव्हा बोट विजयदुर्गाच्या बाहेर लाटांवर कलायला लागली. मामांनी वही मिटली. मग ते डेकवर आडवे झाले आणि रत्नागिरी येईपर्यंत उठले नाहीत. मी तांडेलाची मुलगी, मला काहीच होत नव्हतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन लिंबू हुंगायला देत बसले. उतरायची होडी लागली तेव्हा त्यांनी खलाशाचं मनगट धरलं आणि म्हणाले, "माका पयलो उतरव रे. माका जमीन व्हयी."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. हसू मला पुष्कळ येत होतं, पण त्यांचा चेहरा पिवळा पडला होता.

लेखी परीक्षा बरी गेली. मामांचं शुद्धलेखन कामाला आलं, हे मान्य केलं पाहिजे. मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. आम्ही सगळ्या मुली सकाळपासून शाळेच्या व्हरांड्यात बाकांवर बसलो. साहेब आले नाहीत. दुपारी शिपायाने सांगितलं की उद्या या. मामांच्या ओळखीच्या एका घरी आम्ही उतरलो होतो, तिथल्या बाईंनी परत आमचा स्वयंपाक केला आणि मामांनी परत माझी तयारी घेतली. तिसऱ्या दिवशी साहेब आले, पण उशिरा. व्हरांड्यात ऊन पोचलं होतं. माझ्या शेजारी राजापूरकडची एक मुलगी बसली होती. ती एका कवितेची एकच ओळ पुटपुटत होती, तिला पुढची आठवतच नव्हती. मामा अंगणातल्या आंब्याखाली उभे राहून मला 'छातीतून, छातीतून' अशा खुणा करत होते. माझं डोकं भणभणलं होतं.

आत गेले तर मागच्याच वर्षीचे साहेब. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि एक चष्म्याच्या बाई. टकळी कुठेच नव्हती. नद्या नाहीत, वर्तमानपत्र नाही, काही नाही. साहेबांनी कागद वर-खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "लग्न ठरलंय का तुमचं?"

दोन महिने मी जे काही गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं. आवाज कुठून निघाला ते मला माहीत नाही, छातीतूनच निघाला असणार.

"साहेब, हे तुम्ही मला मागच्या वर्षीही विचारलं होतं," मी म्हणाले. "तेव्हाही ठरलं नव्हतं, आत्ताही ठरलेलं नाही. मागच्या वर्षी जागा दिली असती तर माझं एक वर्ष शिकून झालं असतं. लग्न झालं तरी मी शाळा सोडणार नाही, आणि हे मी लिहून द्यायला तयार आहे."

म्हातारे गृहस्थ पाणी प्यायले. साहेबांचा चेहरा मला वाचता येईना. मग चष्म्याच्या बाईंनी विचारलं की तुमच्या भागातली मुलं पहिलीत येतात तेव्हा घरची बोली बोलतात, पुस्तकातली भाषा त्यांना कळत नाही. तुम्ही काय कराल?

याचं मामांनी तयार करून दिलेलं उत्तर मला पाठ होतं. पहिल्या दिवसापासून शुद्ध भाषेचा आग्रह, अशी त्याची सुरुवात होती. ते माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं.

"आधी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलेन," मी म्हणाले. "चुकीचं बोलू या भीतीने माणूस बोलायचाच बंद होतो. मुलं एकदा गप्प झाली तर मी शिकवणार कोणाला? पुस्तकातली भाषा हळूहळू शिकवीन."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मामांनी सगळं विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते आंब्याच्या पारावर बसले. मग म्हणाले की पहिलं उत्तर उद्धट आहे आणि दुसरं चूक आहे, आणि आता घरी जाऊ. बोटीने जायला त्यांनी साफ नकार दिला. आम्ही एसटीने निघालो. कणकवलीपर्यंत लाल धूळ खात गेलो, गाडी वाटेत एकदा बंद पडली, तासभर झाडाखाली बसलो. मामा सगळ्या वाटेत माझ्याकडे पाठ करून बसले. कणकवलीच्या स्टँडवर ते उतरले, ट्रंक नंतर पाठवून दे असं म्हणाले, आणि आपल्या गावच्या रस्त्याला लागले. मी पुढच्या गाडीत एकटीच बसून घरी आले.

निवड झालेल्यांत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षेत होतं. म्हणजे कोणी आलं नाही तर तुम्हाला बोलावू. जून लागला. बाबा गलबत पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून घरी आले. त्यांच्या मागोमाग एक स्थळही आलं. मुलगा मुंबईत गोदीत कारकून, माणसं चांगली. मुलाचे काका ओटीवर बसून बाबांना म्हणाले की मुलगी शिकलेली आहे ते बरंच आहे, पण ट्रेनिंगचा विचार आता सोडून द्यावा. मी आतून ऐकत होते. बाबा पान लावत होते. त्यांनी विडा दुमडला. मग म्हणाले, "तिका जावचा आसा. बोलावणा इला तर ती जातली."

स्थळ गेलं. आईने दोन दिवस तोंड पाडलं. मलाही काही फार धन्य वाटलं नाही, खरं सांगायचं तर. बोलावणं आलंच नाही तर काय, हाच विचार डोक्यात. घरात ना मी लग्नाची मुलगी ना शिकणारी मुलगी, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. मी भावाला उगाच ओरडायचे, तो मला मास्तरीण म्हणून चिडवायचा.

जुलैत बोलावणं आलं. निवडलेल्यांपैकी एक मुलगी आलीच नव्हती. का ते मी कधी विचारलं नाही. दोन दिवसांत हजर व्हायचं होतं. बोटी बंद, खाड्या फुगलेल्या. बाबांनी मला खाडीच्या तरीतून पलीकडे नेऊन एसटीत बसवलं. हॉस्टेलला पोचले तेव्हा ट्रंकेतले सगळे कपडे भिजलेले, आणि मेट्रन बाई म्हणाल्या की उशिरा आलेल्यांना खाट मिळत नाही. पहिले पंधरा दिवस मी जमिनीवर निजले.

पुढे मी पास झाले. शाळा मिळाली, लग्नही झालं, आणि शाळा सोडली नाही. मामांनी माझ्या उत्तरांबद्दल पुन्हा कधी काही काढलं नाही. मात्र माझी तयारी त्यांनी करून घेतली, असं ते गावभर सांगायचे, आणि मी ते खोडत नसे.

मला नोकरी लागली त्याच वर्षी शिमगा संपल्यावर ते ट्रंक घेऊन परत आमच्या घरी आले, या वेळी बहिणीसाठी. बहिणीने त्यांना चहा दिला, पाया पडली, आणि आपल्याला मास्तरीण व्हायचं नाही, शिवणकाम शिकायचंय, असं सरळ मालवणीत सांगितलं. मामा चार दिवस राहिले आणि गेले.