सतरावर चढलेली चवड

माझा पहिला संशय खरं तर कॉम्प्युटरवरच होता. लेक माझी साताऱ्याला, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिनं तिचा जुना लॅपटॉप मला देऊन टाकला, आणि त्यातलं ते आलेख काढायचं सॉफ्टवेअर मी माझं मीच उघडून बघायला लागले. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी. एका बोटानं इंग्रजी अक्षरं शोधायची, कंस टाकायचे. एखादा कंस बंद करायचा राहिला की ते काही बोलत नाही बरं का, नुसतं अधिकचं चिन्ह दाखवून वाट बघत बसतं. आमच्याकडं सोयरीक ठरवायला आलेले पाव्हणे बसतात ना, तसं.

कवठे महांकाळच्या बाजूला आमची द्राक्षाची बाग आहे, दोन तुकड्यांत. एक घरामागं, एक ओढ्याकडं. माल तोडणीला आला की रोज दहा-दहा वेलींची साखर बघायची. मण्याचा रस मीटरच्या काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, डोळ्याला लावून उजेडाकडं बघायचं. वर निळं, खाली पांढरं दिसतं. मधली रेघ ज्या आकड्यावर, तेवढी साखर. घरामागचं मी बघायची, ओढ्याकडचं आमचे मालक. दोघांच्या वह्या वेगळ्या, मीटर एकच.

सहा दिवसांचे माझे साठ आकडे मी घातले, आलेख काढला, आणि पडद्यावर उमटले जेमतेम नऊ ठिपके. म्हटलं, बाकीचे खाल्ले काय ह्यानं? दोन दिवस मी त्या लॅपटॉपकडं दुधाच्या पातेल्याजवळ बसलेल्या मांजराकडं बघावं तसं बघत होते. मग मदतीची पानं चाळता चाळता समजलं, सारखे आकडे एकमेकांच्या अंगावर बसलेले असतात. आज्ञेत 'स्टॅक' एवढा एक शब्द घालायचा राहिला होता. तो घातला, आणि ठिपके एकावर एक चढले. पंधरावर चार, साडेसोळावर अकरा, एकोणीसवर दोनच. हुबेहूब घड, उलटा धरलेला. लय आनंद झाला मला.

त्या आनंदात मालकांची वही घेतली. त्यांचेही साठ आकडे घातले. वरच्या ओळीत ते, खालच्या ओळीत मी.

वरच्या ओळीत घड नव्हताच. सतरावर एक चवड, सरळ, खांबासारखी. शेजारी अठरावर चारपाच ठिपके, बाकी सगळं मोकळं.

माल घेणाऱ्या व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, दोन्हीकडं सरासरी सतरा लागली की सोमवारी माणसं घालतो, दोन्ही तुकडे एकदम तोडतो. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबट तोडलं तर आंबटच जातं, आणि वर्षभर जपलेली बाग अशी जाताना बघवत नाही. म्हणजे त्या चवडीवर आमचं सगळं वर्ष उभं होतं.

फोन लावला लेकीला. चित्र पाठवलं.

"आई," ती म्हणाली, "साठ वेली इतक्या एकसारख्या कशा असतील? बाबा खरंच बागेत जातात ना?"

"जातात की. रोज जातात. टोपी, मीटर, सगळं घेऊन."

"मग बागेत जाऊन करतात काय?"

आता हे आईला विचारायचं असतं व्हय? पण डोक्यात किडा वळवळायला लागला. व्यापारी आठवड्यातून दोनदा येतो, मालकांच्या खांद्यावर हात टाकतो, मी चहा घेऊन गेले की दोघं हवापाण्याचं बोलायला लागतात. ह्याला माल लवकर पाहिजे आणि आमचे मालक भिडेखातर सतरा लिहून देतायत, असं मी मनाशी पक्कं केलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या वहीवर संशय घ्यायची ही पहिलीच वेळ. वाईट वाटलं, पण संशय काही जाईना.

दुसऱ्या दिवशी ते जेवून आडवे झाल्यावर मी ओढ्याकडं गेले. दहा वेली बघितल्या. चौदा, साडेपंधरा, अठरा, परत चौदा. हिशेब जुळेना. परत आले तशी तडक त्यांच्यापुढं उभी राहिले. मीटरची काच पुसली आणि त्यावर तांब्यातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले. साधं पाणी. त्याला रेघ शून्यावर येते.

"आवं, हे जरा बघा. ओढ्याकडच्या कोपऱ्यातल्या वेलीचा रस हाय."

ते उठले, मीटर डोळ्याला लावलं, दारातल्या उन्हाकडं धरलं. मान इकडून तिकडं हलवली.

"सतरा," म्हणाले.

"नीट बघा."

"सतराच गं. थोडी वरच असंल."

"पाणी हाय ते!"

भांडायला मी पदर खोचून तयार होते. व्यापाऱ्याचं नाव जिभेवर आलं होतं. पण त्यांनी मीटर हळूच खाली ठेवलं, पण चटईच्या बाहेर, फरशीवर. चटईवर ठेवायला गेले होते, अंदाज चुकला.

"रेघच दिसत न्हाई," म्हणाले. "दिवाळीपासनं. नुसतं धुकं."

"मग आकडे?"

"मणी चावून बघतो. जिभेला सतरा लागलं की सतरा."

"आणि कवठ्याच्या बाजाराला मला मागं बसवून मोटारसायकल कोण चालवत होतं?"

"रस्ता पाठ हाय की."

"म्हशी पण पाठ हायत्या का रस्त्यावरच्या?"

हसले नाहीत. "तुला सांगितलं असतं तर तू लेकीला सांगितलं असतंस," म्हणाले. "लेकीनं मिरजेला दवाखान्यात नेऊन घातलं असतं. ऐन तोडणीत मी डोळ्याला पट्टी बांधून बसू? बागेत मग माझं काय काम उरलं?"

मी सरळ फोन काढला, व्यापाऱ्याचा नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आता हे तुमीच सांगायचं. काय सांगतील, मीटर बिघडलं म्हणतील का वातावरण खराब म्हणतील, मी कान लावून उभी. अजून विश्वास नव्हता माझा.

"सोमवारी माणसं घालू नका," ते म्हणाले. "घरामागची बाग बघू, ओढ्याकडची आठ दिवस राहू द्या. न्हाई, मीटर चांगलं हाय. मला दिसत न्हाई."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"व्हय," मालक म्हणाले, "आता तीच बघणार."