झिजलेलं नाक

आमच्या छोट्याशा प्रदर्शनात नायजेरियातली एक लाकडी मूर्ती आहे. खाली पाटी: ‘आफ्रिकन आदिवासी बाहुली’. ‘योरुबा’ हे तिथल्या समाजाचं नाव लिहावं का, यावर सकाळीच वाद झाला होता. “योरुबा कुणाला कळणार? आफ्रिकन पुरे,” सहकारी बाई म्हणाल्या, आणि मीही कंटाळून मान डोलावली.

दुपारी एक नायजेरियन प्राध्यापिका मूर्तीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

“ही बाहुली नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “आम्हा योरुबांमध्ये जुळ्यांतलं एक मूल गेलं, की आई त्याची अशी मूर्ती घडवून घेते. तिला न्हाऊ घालते, भरवते. बघा, न्हाऊ घालून घालून नाक झिजलंय.”

मला आमच्या देवघरातले चांदीचे टाक आठवले. रोजच्या घासण्याने त्यांचेही नाकडोळे पुसट झालेत. त्यांना कुणी ‘आशियाई खेळणी’ म्हटलं असतं, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

मी घाईघाईने पाटी काढली. प्राध्यापिका रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “या बाळाची आई कुठल्या गावची?”

मला फक्त मूर्ती घेतली त्या दुकानाचं नाव ठाऊक होतं.